जिन्यातली हवा

जुन्या गडांना महादरवाजाखेरीज एखादी चोरदिंडी असे. वेढा पडला की तीच सुटकेची वाट. आज उंच इमारतीच्या अशाच वाटेबद्दल, म्हणजे जिन्याबद्दल बोलू.

७ डिसेंबर १९४६. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातलं वाइनकॉफ हॉटेल. १५ मजले, आणि 'आगीला दाद न देणारी इमारत' अशी जाहिरात. इमारत खरोखरच टिकली, आजही उभी आहे. माणसं मात्र ११९ गेली. जिना एकच, मधोमध, उघडा. गरम धूर वर चढतो, त्यामुळे असा जिना म्हणजे धुराडंच.

त्यातून धडा मिळाला: जिना भिंतींनी बंदिस्त करा आणि मजल्यामजल्यावर आपोआप मिटणारं, आग अडवणारं दार लावा. पण पळणारी माणसं दार उघडणारच, आणि तेवढ्यात धूर आत शिरतो. म्हणून १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये पाडायला काढलेल्या एका २२ मजली इमारतीत मुद्दाम आगी लावून प्रयोग झाले. पंख्याने जिन्यात बाहेरची हवा भरली. आत दाब जास्त असला की दार उघडल्यावर हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही.

आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत जिन्यासाठी हा दाब ५० पास्कल धरला आहे, म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाण्याचा भार. फार वाढवला तर म्हाताऱ्यांना आणि मुलांना दार ढकलवणार नाही.

२२ ऑगस्ट २०१८ ला मुंबईत परळच्या १७ मजली क्रिस्टल टॉवरला आग लागली, १२व्या मजल्यावर. जिना धुराने भरला आणि चौघे गेले. आपल्या जबलपुरात १ ऑगस्ट २०२२ ला दमोह नाक्याकडच्या एका खासगी रुग्णालयात ८ जण गेले. इमारत काही उंच नव्हती, पण जायला-यायला वाट एकच होती. आता तर इथेही उंच इमारती उभ्या राहताहेत.

फौजेत मोर्चा लावण्याआधी माघारीची वाट पाहून ठेवतात. तेच इथे करा. आज रात्री आपला जिना उतरून पाहा. दारं आपोआप मिटतात का? कुणी वीट लावून दार उघडं ठेवलंय का? तसं असेल तर भरलेली हवा तिथूनच निसटेल आणि पंखा असून नसल्यासारखा. सोसायटीच्या सभेत एवढंच विचारा: तो पंखा शेवटचा कधी चालवून पाहिला?

जय हिंद.