मिश्र गॅसची कुळकथा

हीट पंपात फिरणाऱ्या प्रशीतकाला मेकॅनिक नुसता ‘गॅस’ म्हणतात. पुष्कळदा ते दोन-तीन द्रव्यांचे मिश्रण असते. या मिश्रणाचे कूळ 1885 पर्यंत मागे जाते. राऊल पिक्टे या स्विस शास्त्रज्ञाने तेव्हा कार्बन डायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड एकत्र वापरले होते.

मिश्रण का, याचे उत्तर 1894 मध्ये हान्स लोरेन्झच्या मांडणीत सापडते. शुद्ध प्रशीतक ठरावीक दाबाला एकाच तापमानाला द्रवरूप होते. पाणी मात्र तापताना 20 अंशांवरून 60 वर चढत जाते. मग गॅस सगळा वेळ 60 च्या आसपास धरून ठेवावा लागतो आणि थंड टोकाला उगाच मोठी तफावत राहते. तिचा भुर्दंड विजेच्या बिलात पडतो. मिश्रणाचे तापमान द्रवताना उतरत जाते; पाणी उलट दिशेने सोडले की दोघांची चढउतार जुळते.

कारखानदारांना तापमानाची हीच सरकण नको होती. म्हणून 1950 च्या सुमारास आलेले आर-500 हे मिश्रण एकाच द्रव्यासारखे उकळणारे निवडले गेले. सरकणीचा फायदा 1975 मध्ये लोरेन्झ (आडनाव तेच, माणूस दुसरा) आणि मोइत्झनर यांनी घरगुती फ्रिजमध्ये आर-22 व आर-11 यांचे मिश्रण भरून दाखवला. बचत सुमारे 20 टक्के नोंदवली गेली. 1987 च्या माँट्रियल करारानंतर मिश्रणे घरोघरी पोचली, पण ती ओझोन वाचवण्यासाठी, विजेच्या बचतीसाठी नव्हे.

त्यांची चाचणी किचकट असते. भरलेले प्रमाण यंत्रात तसेच फिरत नाही: काही भाग ऑइलमध्ये विरघळतो, काही द्रव होऊन साठतो. म्हणून चालू यंत्रातून नमुना काढून घटक मोजावे लागतात. शिवाय मिश्रण शुद्ध द्रव्याइतकी सहज उष्णता देत-घेत नाही, त्यात कमाईचा काही वाटा जातो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या गटाने नायट्रोजन व हायड्रोकार्बनांच्या मिश्रणांवर अतिशीत यंत्रे चालवून, उष्णता-विनिमयकाच्या लांबीभर तापमान कसे बदलते ते मोजले आहे. तिथे मिश्रणाचे काम हीट पंपापेक्षा कितीतरी खालच्या तापमानाला चालते.

सरकणीचा त्रास बेळगावच्या खासबागेतल्या मेकॅनिकलाही चुकत नाही. आर-407सी मध्ये आर-32, आर-125 व आर-134ए यांचे वजनी प्रमाण 23 : 25 : 52 असते. गळती झाली की पहिले दोन आधी निसटतात. वरून भर घातली तर प्रमाण बिघडलेलेच राहते. उरलेला गॅस काढून, व्हॅक्यूम करून, नवा गॅस वजन करून द्रवरूपातच भरावा लागतो.