पत आणि छप्पर

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु ती खर्चाविषयीं बोलते, कर्जाविषयीं नाहीं. कर्जानें घर जातें, हें आपल्या पूर्वजांनीं पाहिलें होतें. कर्जानें घर उभें राहतें, हें त्यांना सहसा पटलें नसतें. आज सुशिक्षित कुटुंबांत गृहकर्ज ही नित्याची बाब झाली आहे. हा पालट कसा घडला? माझ्या मतें, कर्ज मागणाऱ्याची पत कशावरून ठरवावयाची, या प्रश्नाचें उत्तर तीन वेळां बदललें, यांत त्याचें मर्म आहे.

पहिलें उत्तर जमीन. इंग्रजी अमदानींत जमीन गहाण टाकून कर्ज काढणें सोपें झालें आणि वसुलीसाठीं न्यायालय सावकाराच्या पाठीशीं उभें राहिलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला. पुढें गांवोगांवीं सावकारांचीं खतें जाळण्यांत आलीं.

दुसरें उत्तर शेजारी. १९०४ च्या कायद्यानें, एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांना सहकारी पतसंस्था काढण्याची वाट मोकळी केली. मुंबईंत श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं १९०६ सालीं आपले गुरु शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नांवानें अशी संस्था काढली. १९१५ सालीं त्यांच्याच पुढाकारानें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. एकट्याला न झेपणारें घर अनेकांच्या भांडवलावर उभें राहिलें. मात्र हा विश्वास ज्ञातीच्या कुंपणाआंतला होता, हें विसरून चालणार नाहीं.

तिसरें उत्तर मासिक पगार. आयुष्यभर साठवावें आणि निवृत्तीच्या वेळीं घर घ्यावें, ही नोकरदारांची रीत हसमुखभाई पारेख यांना सलत होती. त्यांनीं १९७७ सालीं एच.डी.एफ.सी. ही गृहकर्जाला वाहिलेली संस्था उभारली. २०२३ सालीं ती तिनेंच पूर्वीं काढलेल्या बँकेंत विलीन झाली. माणसानें काय साठविलें यापेक्षां तो पुढें काय मिळवील, हें पाहून कर्ज मिळूं लागलें. ज्ञातीचें कुंपण ओलांडलें गेलें. तरुणपणींच घराची किल्ली हातीं आली. हा लाभ लहान नव्हे, आणि आपल्या वर्गानें तो भरभरून घेतला आहे.

परंतु नवें कुंपण पडलेंच. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई पंधरा वर्षें आपल्या वस्तींतील भिशी चालवितात. तिचा एकही हप्ता चुकलेला नाहीं. त्या एका बँकेंत घरासाठीं कर्ज मागावयास गेल्या, तेव्हां प्रथम पगाराचा दाखला विचारण्यांत आला. तो देणारा मी; आणि इतक्या वर्षांत असा कागद लिहून द्यावा, हें मला सुचलें नव्हतें.

‘पत’ या एका शब्दांत आपल्या भाषेनें अब्रू आणि उसनवारी शेजारीं शेजारीं बसविलीं आहेत. बाईंची अब्रू त्यांची सारी वस्ती सांगेल. ती कागदावर उतरविणें मात्र आपल्यासारख्यांच्या हातीं आहे. मीं तो दाखला त्याच रात्रीं लिहिला. पण तो पंधरा वर्षें उशीरा लिहिला, ही बोच अजून गेलेली नाहीं.