घडलेला गर्भ: एका भाषांतराची कुळकथा

गर्भपाताविषयीच्या ख्रिस्ती वादात ‘गर्भात माणूस केव्हापासून मानायचा?’ हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला. त्याची धर्मशास्त्रीय मुळी माझ्या मते एका भाषांतरात आहे. बायबलमधल्या ‘निर्गम’ या ग्रंथाच्या 21 व्या अध्यायातला कायदा सांगतो: दोघांच्या मारामारीत गरोदर बाईला धक्का लागून गर्भ पडला, पण ‘आसोन’ झाला नाही, तर दंड, ‘आसोन’ झाला, तर जीवाबद्दल जीव. आसोन म्हणजे घात, अपाय. ज्यू परंपरेने हा घात आईचा मानला. पण इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचे, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचे, ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा घात गेला आणि त्या जागी ‘एक्सएइकोनिस्मेनोन’, म्हणजे आकाराला आलेला, हे विशेषण गर्भाला लागले. गर्भ घडलेला नसेल तर दंड, घडलेला असेल तर जीव. आईच्या जीविताची कसोटी गर्भाच्या घडणीची झाली.

हे घडले कसे? आसोन हा दुर्मीळ शब्द भाषांतरकाराला कळला नसावा, असे म्हणता येईल. पण ‘उत्पत्ती’ या ग्रंथात धाकट्या मुलाबद्दल, बन्यामीनाबद्दल, याकोबाला वाटणाऱ्या भीतीत तोच शब्द येतो आणि तिथे ग्रीकमध्ये तो दुखण्याच्या, दुर्बलतेच्या अर्थाने उतरला आहे. दोन्ही ग्रंथांचे भाषांतरकार वेगळे असतील, हे मान्य. तरी निव्वळ अडाणीपणातून एवढा नेमका शब्द सुचत नाही. त्याच्या पोटात ‘एइकोन’ आहे, आणि देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, हे सांगताना ग्रीक उत्पत्ती हाच शब्द वापरते. माझा तर्क असा, की भाषांतरकाराने कायद्याला सृष्टिकथेशी जोडले: ज्यात प्रतिरूप उमटले, तो माणूस.

याविरुद्ध अॅरिस्टॉटल पुढे केला जातो. मुलाचा गर्भ 40 दिवसांनी आणि मुलीचा 90 दिवसांनी घडतो, हे त्याचे मत. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकाराच्या कानी ते असेलही. परंतु त्याचे प्राणिशास्त्र लॅटिन युरोपला मायकेल स्कॉटच्या भाषांतरातून तेराव्या शतकात मिळाले. संत ऑगस्टीनने घडलेल्या-न घडलेल्या गर्भाचा भेद त्याआधी आठशे वर्षे ग्रीकवरून झालेल्या जुन्या लॅटिन बायबलाच्या आधारे मांडला होता, आणि सुमारे 1140 मध्ये कायदेपंडित ग्रेशनने तो चर्चच्या कायद्याच्या संग्रहात घेतला. अॅरिस्टॉटल आला तेव्हा घर बांधून तयार होते. त्याने त्याला तत्त्वज्ञानाचा टेकू दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘दिदाखे’ या आद्य ख्रिस्ती ग्रंथात गर्भपात सरसकट निषिद्ध आहे, आणि चौथ्या शतकात संत बेसिलने घडलेला-न घडलेला असा सूक्ष्म भेद आम्ही करत नाही, असे लिहिले. मग त्या शब्दाने बदलले काय? पाप की पुण्य हे बदलले नाही. ऑगस्टीननेही गर्भपाताला कधी मुभा दिली नाही. बदलले ते पापाचे नाव: मनुष्यहत्या की त्याहून कमी गुन्हा. शिक्षा त्यावरच ठरे. शिवाय बेसिलला भेद नाकारावा लागला, यातच त्याची पकड दिसते.

पुढची वाट थोडक्यात सांगता येते. 1588 मध्ये पोप सिक्स्टस पाचव्याने भेद काढून कडक शिक्षा ठेवली, 1591 मध्ये ग्रेगरी चौदाव्याने ती बव्हंशी मागे घेतली आणि 1869 मध्ये पायस नवव्याने बहिष्काराच्या नियमातून भेद वगळला. गर्भपाताच्या वादातल्या दोन्ही बाजूंनी आज ‘बायबल सांगते’ म्हणताना कोणते बायबल, हिब्रू की ग्रीक, हे आधी सांगावे. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या 1973 च्या ‘रो विरुद्ध वेड’ या अमेरिकी निकालाच्या तळटीपेतही ऑगस्टीनच्या भेदाचा उगम कदाचित निर्गमाच्या याच वचनात असावा, असे नोंदवले आहे. तो निकाल 2022 मध्ये रद्द झाला.