ज्या, जैब आणि नंदनाचा डोंगर

शाळेच्या पुस्तकातला ‘साइन’ परका वाटतो, पण त्याचे मूळ इथलेच. आर्यभटाची ‘ज्या’ अरबीत ‘जीबा’ झाली. अरबीत स्वरचिन्हे सहसा लिहीत नाहीत. म्हणून ती ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा. आपल्या बोलीतला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे ‘सायनस’ केले.

याच गणिताने अबू रैहान अल-बिरुनीने पृथ्वी मोजली. नंदना किल्ल्याजवळच्या (आज पाकिस्तानी पंजाबात) डोंगराची उंची त्याने सपाटीवरून दोन कोन घेऊन काढली : सुमारे ६५२ हात. माथ्यावरून क्षितिज ३४ कला खाली झुकलेले दिसले. पृथ्वीचा मध्य, माथा आणि क्षितिजबिंदू यांचा काटकोन त्रिकोण झाला. मध्यापाशी कोन तोच, ३४ कलांचा. एक बाजू त्रिज्या, कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक उंची. कोनावरून दोहोंचे गुणोत्तर मिळाले आणि त्रिज्या हाती आली.

बिरुनी गझनीच्या महमूदच्या पदरी होता. स्वाऱ्यांच्या त्या धामधुमीत तो संस्कृत शिकला, आणि १०३० च्या सुमारास हिंदविषयक ग्रंथात त्याने इथल्या गणितींची नावे घेऊन त्यांचे म्हणणे मांडले. ज्ञान ‘त्यांचे’ की ‘आपले’, असा वाद घालणाऱ्यांनी एकदा ‘साइन’ शब्दाचा प्रवास आठवावा.