तंजावरची धावपट्टी

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजी महाराज, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आठवतो. सरकारी कामानिमित्त तेथे गेलो असता मीही प्रथम तीच वाट धरली. मात्र परतताना मनात घोळत राहिली ती शहराबाहेरची धावपट्टी.

एप्रिल १९४२ मध्ये जपानी नौदलाच्या विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले. विशाखापट्टणम व काकिनाडा येथेही बॉम्ब पडले. मद्रासमध्ये घबराट उडून हजारो लोकांनी शहर सोडले. बंगालच्या उपसागरावर नजर ठेवणे ही तातडीची गरज ठरली. सिंगापूर आणि जावाच्या लढाईत जवळजवळ नामशेष झालेले ब्रिटिश हवाई दलाचे ३६ क्रमांकाचे स्क्वाड्रन त्याच वर्षाच्या अखेरीस तंजावरला नव्याने उभे राहिले. त्याची वेलिंग्टन विमाने पाणबुड्यांच्या शोधात समुद्रावर घिरट्या घालीत. १९४३ च्या मध्यास स्क्वाड्रन अल्जीरियाला गेले.

युद्ध संपले आणि तळाचे महत्त्वही ओसरले. पुढे वायुदूतची छोटी विमाने येथे येत, परंतु ती सेवा टिकली नाही. तिरुचिरापल्लीचा विमानतळ जवळच असताना प्रवासी मिळणार कोठून?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा मालमत्तेला 'अनुत्पादक' म्हणतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका पडीक सरकारी जागेच्या फाइलवर 'विल्हेवाट लावावी' अशी टिप्पणी मी स्वतः लिहिली होती. हिशेब अचूक होता. पण तो केवळ त्या वर्षाचा होता.

तंजावरचा हिशेब वेगळा निघाला. मे २०१३ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते येथे हवाई दलाच्या तळाचे उद्घाटन झाले. जानेवारी २०२० मध्ये ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेऊ शकणाऱ्या सुखोई-३० विमानांचे २२२ क्रमांकाचे स्क्वाड्रन येथे दाखल झाले. दक्षिण भारतातील सुखोईचे हे पहिलेच स्क्वाड्रन. विमाने बदलली, राज्यकर्ते बदलले. नजर मात्र त्याच समुद्रावर आहे.

म्हणून प्रत्येक ओसाड जागा जपून ठेवावी, असे मी म्हणणार नाही. जपण्यालाही खर्च येतो. परंतु सलग, सपाट, मोकळी जमीन एकदा तुकड्यांत वाटली गेली की पुन्हा मिळत नाही. विल्हेवाटीच्या टिप्पणीत एवढे एक वाक्य तरी असावे. माझ्या टिप्पणीत ते नव्हते.