जाळ भिंतीत शिरला तेव्हा

उघड्या फायरप्लेसची एक खोड तिच्या भक्तांनाही नाकारता येत नाही. घर गरम ठेवण्याच्या कामात ती भलतीच उधळी आहे. लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीच्या वाट्याला येतो, उरलेली धुराड्यातून आभाळाला जाते. वर जाणारा झोत खोलीतली उबदार हवाही ओढून नेतो, मिनिटाला ३०० घनफुटांपर्यंत. तिची जागा भरायला दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरचा गारठा आत शिरतो. जाळासमोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ काकडते, ती यामुळेच. तरीही युरोपने, आणि त्याच्या मागोमाग अमेरिकेने, ही सोय शतकानुशतकं जपली. कारण ती जन्माला आली धुराला वाट करून द्यायला. ऊब राखण्याची अक्कल नंतर टप्प्याटप्प्याने आली, आणि बऱ्याच टप्प्यांची किंमत कोणीतरी मोजली.

फायरप्लेसच्या आधीची आगटी घराच्या मधोमध असे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात पेन्सहर्स्ट प्लेस नावाचा वाडा आहे. त्याच्या १३४१ सालच्या दिवाणखान्यात ती अष्टकोनी आगटी आजही जमिनीवर दिसते. जाळ मध्ये, माणसं भोवताली, आणि धूर उंच छताच्या झरोक्यातून सवडीने बाहेर. धग चहूकडे पसरायची, वाया फारशी जात नसे. पण डोळे चुरचुरायचे आणि तुळयांवर काजळी चढायची. शिवाय अशा घरावर मजला चढवता येत नसे. किल्ल्यांच्या बुरुजांत एकावर एक मजले आले आणि लाकडी तक्तपोशीवर उघडा जाळ ठेवण्याची सोय उरली नाही. म्हणून आग भिंतीत सरकली. यॉर्कशायरमधल्या कॉनिसबरो किल्ल्यात बाराव्या शतकाच्या अखेरच्या अशा भिंतीतल्या आगट्या आहेत.

सामान्यांच्या घरात धुराडं पोचायला आणखी चारशे वर्षं गेली. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली इंग्लंडचं वर्णन लिहिलं. गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेल्या ज्या बदलांचं नवल वाटत होतं, त्यांत धुराड्यांची वाढलेली संख्या पहिली. त्यांच्या लहानपणी अख्ख्या गावात दोन-तीन धुराडी असली तर असायची. हॅरिसनला स्वतःला मात्र या सुधारणेचं कौतुक नव्हतं. धुराने घराची लाकडं टणक होतात आणि माणसंही निरोगी राहतात, धुराडी आल्यापासून सर्दी-पडशी वाढली, अशी त्याची तक्रार होती. नवी सोय आली की जुन्या त्रासाचे गुण आठवू लागतात, ही रीत तेव्हाही होतीच.

धुराडी वाढली तशी ती सरकारच्या डोळ्यांत भरली. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६२ मध्ये दर आगटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. आगट्या मोजायला अधिकारी घरात शिरू लागले आणि लोक आगट्या बुजवू लागले. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावात १६८४ साली एका भटारखान्याच्या मालकिणीने कर चुकवण्यासाठी भिंतीला भगदाड पाडून आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला, असं सांगितलं जातं. त्यातून लागलेल्या आगीत वीसेक घरं जळाली आणि चार माणसं दगावली. लोकांना नकोसा झालेला हा कर १६८९ मध्ये रद्द झाला. एका धुराड्याला एकच आग जोडावी, हा आजचा संकेत पाळला नाही तर काय होतं, ते चर्चिल गावाने तेव्हाच दाखवलं होतं.

यानंतरचा महत्त्वाचा माणूस अटलांटिकपलीकडचा. बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ मध्ये फिलाडेल्फियातल्या आपल्याच वृत्तपत्रात एक निनावी पत्र छापलं. पेटते निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसरीकडे नेऊ नका, न्यायचेच तर झाकणाच्या भांड्यातून न्या, असं त्यात बजावलं होतं. धुराडी साफ करणाऱ्यांना नगरपालकाने परवाने द्यावेत, आणि सफाईनंतर पंधरा दिवसांच्या आत धुराडं पेटलं तर दंड सफाईवाल्याने भरावा, अशीही सूचना होती. पुढल्याच वर्षी त्याने शहरात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक उभारलं. मग तो आगीच्या घराकडे वळला. १७४४ मध्ये त्याने ‘पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस’ची माहितीपुस्तिका काढली. बिडाच्या पत्र्यांची ही पेटी खोलीत पुढे येई; धूर एका पोकळ खान्यावरून खाली वळून मग धुराड्यात जाई आणि जाता जाता त्या खान्यातली हवा तापवी. गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट त्याने घेतलं नाही. कल्पना सुंदर, पण अडचण मूळ स्वभावाची होती: धूर आपणहून खाली वळायला राजी नसतो. जाळ जरा मंदावला की खोली धुराने भरे. डेव्हिड रिटनहाउसने पुढे धुराची वाट सरळ वर काढून दिली, आणि लोकांनी वापरली ती या सुधारलेल्या रूपातली.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये सरपणाची टंचाई जाणवत होती. तिथे १७६७ मध्ये कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी धुराला फरशीच्या उंच शेगडीत वरखाली पाच नळ्यांतून फिरवलं. जाळ थोडाच वेळ, पण कडक. त्याची उष्णता विटांच्या अंगात मुरे आणि आग विझल्यावर कितीतरी तास खोलीला मिळे. कमी लाकडात जास्त ऊब हवी तर आग धुमसत ठेवू नये, भरपूर हवेत लख्ख जाळावी, हे त्या शेगडीने सिद्ध केलं.

इंग्रजांना मात्र जाळ डोळ्यांसमोर हवा होता. त्यांची सोय केली बेंजामिन थॉम्पसनने. जन्म मॅसॅच्युसेट्समधला, स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूचा, पुढे बव्हेरियाच्या चाकरीत जाऊन काउंट रमफोर्ड झालेला हा गृहस्थ १७९६ च्या सुमारास लंडनची धुराडी तपासत होता. उघड्या जाळाची हवा तर वरच जाते. खोलीला मिळते ती केवळ समोरून फेकली जाणारी धग, हे त्याने ओळखलं. म्हणून त्याने आगटी उथळ केली, दोन्ही बाजूंच्या भिंती मागच्या भिंतीशी १३५ अंशांत तिरक्या लावल्या आणि धग खोलीत परतवली. धुराड्याचा प्रशस्त घसा आवळून चार इंचांवर आणला. घसा अरुंद, म्हणून ओढ जोरकस. ओढ जोरकस, म्हणून धूर खोलीत येत नाही. काही विटा आणि गिलावा एवढ्या खर्चात काम होई, त्यामुळे शेकडो घरांनी ते करून घेतलं. ते इतकं रूढ झालं की १८१७ च्या अखेरीस निघालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त जुनाट, भव्य आगटी पाहायला आसुसलेल्या नायिकेच्या वाट्याला रमफोर्डची आटोपशीर आगटी येते आणि ती हिरमुसते.

अरुंद वाटांची खरी किंमत मोजली पोरांनी. कोळसा रुळला तसे धुराड्यांचे बोगदे चिंचोळे झाले. नऊ इंच बाय चौदा इंच हे सर्रास माप. त्यांत काजळी खरवडायला लहान मुलांना चढवत. पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. कामातून होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. एकोणिसाव्या शतकात लांब काठ्यांचे ब्रश मिळू लागले, १८४० मध्ये एकवीस वर्षांखालच्यांना धुराड्यात चढवायला बंदीही झाली, पण कायदा पाळतो कोण? १८७५ मध्ये केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून मेला. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सफाईवाल्यांना पोलिसांकडून परवाना घेणं भाग पाडलं, आणि मग ही प्रथा संपली.

काजळी एवढी का धास्तीची? ओलं लाकूड जाळलं की बरीचशी उष्णता त्यातलं पाणी उकळण्यात जाते. धूर थंड आणि दाट निघतो, धुराड्याच्या गार भिंतींवर त्यातला डांबरासारखा क्रिओसोट साचतो. एक दिवस ठिणगी तिथवर पोचते आणि धुराडंच पेटतं; आतलं तापमान हजार अंश सेल्सियसपलीकडे जाऊ शकतं. धुमसणारी, हवा कोंडलेली आगही हेच करते. आणि हा धूर अंगणापुरता राहत नाही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यात, तेव्हाच्या अंदाजानेच, चार हजार माणसं मेली. तो मुख्यतः कोळशाचा धूर होता, पण त्यातून आलेल्या १९५६ च्या कायद्याने घरच्या आगीवर बंधनं आणली. १ मे २०२१ पासून तर इंग्लंडमध्ये किरकोळ विक्रीच्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या मराठी मंडळींना अनेकदा ही आगटी घराबरोबर आयती मिळते. त्यांनी करायचं ते सगळं या इतिहासातच आहे. लाकूड फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा ठेवून किमान सहा महिने, कठीण जातीचं असेल तर वर्ष-दोन वर्षं वाळवावं. पेटवण्याआधी धुराड्याची झडप पूर्ण उघडावी आणि थंड धुराड्यात पेटता कागद धरून ओढ सुरू करावी. मोठी लाकडं खाली, किलच्या वर, आणि आग वरून लावावी. धूर कमी होतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, कचरा आत जाऊ देऊ नये. पुढे जाळी असावी. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवावी. निखारे तिच्यात कित्येक दिवस जिवंत राहतात. निखारे पुरते विझण्याआधी झडप बंद करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं उत्तर भारतात हिवाळ्यात दगावतात, ती याच वायूने. त्याची सूचना देणारं यंत्र बसवावं. आणि खरी ऊब हवी असेल, तर उघड्या आगटीत बंद काचेची शेगडी बसवून घ्यावी. लडाखची बुखारीही याच बंद पेटीच्या तत्त्वावर चालते.

यातलं एकच करायचं ठरवलं, तर ते हे करा: थंडी सुरू होण्यापूर्वी दर वर्षी जाणकाराकडून धुराडं तपासून आणि साफ करून घ्या. तोवर पहिली काडी ओढू नका.