मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याची बाहुली उघडलीच नाही तर?

शिरूरहून नगर रोडने किंवा दौंडहून रेल्वेने पुण्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जाताना आजोबांची औषधांची पिशवी घरीच राहते. बीपी, शुगरच्या गोळ्या आठवणीने सांगितल्या जातात, लघवीची गोळी मात्र नाही. डोळ्याशी तिचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो महत्त्वाचा आहे.

बाहुली मोठी का करतात?
बाहुली म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्याचं मधलं छिद्र. मोतीबिंदू त्याच्या मागे असतो. छिद्र जितकं मोठं, तितकं डॉक्टरांना आतलं स्पष्ट दिसतं. बहुतेकांना थेंब पुरतात. पण मधुमेह, डोळ्याला पूर्वी आलेली सूज किंवा काही औषधं यामुळे बाहुली लहानच राहू शकते. अशा वेळी ऑपरेशन केलं, तर पडद्याला किंवा भिंगाच्या पातळ पिशवीला इजा होण्याचा धोका वाढतो.

मग डॉक्टर काय करतात?
● हुक: बारीक छेदांतून साधारण चार ते पाच हुक आत घालून पडद्याची कडा बाहेर ओढून धरतात.
● रिंग: मॉस्कोचे डॉ. बोरिस माल्युगिन यांची चौकोनी रिंग चार कोपऱ्यांवर कडा पकडते. ती ६.२५ आणि ७ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळते. कोलकात्याचे डॉ. सुवेन भट्टाचार्जी यांनी सहा कोनांची 'बी-हेक्स' रिंग तयार केली आहे.

नवीन भिंग बसवल्यावर हे साहित्य काढून घेतात. ते डोळ्यात राहत नाही.

लघवीच्या गोळीचं काय?
प्रोस्टेटच्या त्रासावर दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनमुळे पडदा सैल पडतो. ऑपरेशन चालू असतानाच तो फडफडतो आणि बाहुली आकसते. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड चँग आणि डॉ. जॉन कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये हा संबंध मांडला. गोळी बंद केली तरी परिणाम टिकू शकतो. म्हणून ती स्वतःच्या मनाने थांबवू नका, लघवी अडकू शकते. डॉक्टरांना आधी कळलं, तर ते हुक किंवा रिंग तयार ठेवतात.

लक्षात ठेवा
तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पूर्वी घेतलेली आणि आता बंद केलेली लघवीची गोळीही सांगा.